कंपनी तीच, नफाही तोच, मग भाव का हलतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, तुमच्या शेअर्सची किंमत काही तासांत धाडकन खाली आली. तीन दिवसांत निर्देशांक परत वर गेला, पण तुमचे सरकारी कंपन्यांचे शेअर मागेच राहिले. त्या आठवड्यात कुठल्या कंपनीचा ना कारखाना बंद पडला, ना ऑर्डर रद्द झाली. मग भाव नफ्यावर ठरतो की लोकांच्या मूडवर? आणि मूडवर ठरत असेल, तर तो आधी ओळखून पैसे कमावता येतील का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: मूडने भाव हलतो, आणि कमी मुदतीत तर नफ्यापेक्षा कितीतरी जास्त हलतो. दुसऱ्याचं उत्तर निराश करणारं आहे. बाजार घाबरलाय की माजलाय हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. तो तिथून कधी फिरेल, हे मात्र सांगता येत नाही. मी आधी फोर्टमध्ये एका ब्रोकरकडे डीलर होतो, आता ठाण्यात कुटुंबांच्या गुंतवणुकीचं काम बघतो. त्यामुळे टर्मिनलसमोरची घबराटही पाहिली आहे आणि लोकांच्या घरात बसूनही पाहिली आहे. त्यातून माझं जे मत झालं ते सांगतो. कुठला शेअर घ्या, कुठला विका, हे सांगणार नाही. तुमची पूर्ण माहिती नसताना ते सांगणं चूक आहे.

आधी तुमचा तो दिवसच घेऊ. १ जूनला संध्याकाळी एक्झिट पोल आले आणि जवळपास सगळ्यांनी सत्ताधारी आघाडीला घसघशीत बहुमत दाखवलं. सोमवारी, ३ जूनला, सेन्सेक्स २,५०७ अंशांनी उसळून ७६,४६८ वर बंद झाला. ४ जूनला भाजप २४० जागांवर थांबला, स्वबळावरचं बहुमत हुकलं, आणि सेन्सेक्स ४,३८९ अंशांनी कोसळून ७२,०७९ वर आला. दुसऱ्याच दिवशी २,३०० अंश भरून निघाले आणि ७ जूनला तो ७६,६९३ वर, म्हणजे तोवरच्या सर्वोच्च पातळीवर बंद झाला.

सगळ्यांच्या लक्षात ४ तारीख राहिली. मला विचाराल तर कळीचा दिवस ३ तारीख होता. त्या दिवशी लोकांनी अजून न लागलेल्या निकालाचे पैसे आधीच मोजले. बाजारात मूड म्हणतात तो बहुतेक वेळा हाच असतो: जे व्हायचंय त्याची किंमत आज देऊन टाकणं. प्रत्यक्ष निकाल वाईट होता की चांगला, हा मुद्दा दुसऱ्या दिवशी गौण ठरला. मोजलेल्या पैशांइतका तो चांगला नव्हता, एवढंच पुरलं.

आता तुमचे सरकारी शेअर का मागे राहिले ते बघा. ४ जूनला स्टेट बँक सुमारे १४ टक्के पडली. रेल्वे, संरक्षण, वीज या क्षेत्रांतल्या सरकारी कंपन्याही जबर आपटल्या. आणि त्याच दिवशी हिंदुस्तान युनिलिव्हर चांगला वर बंद झाला, साबण-तेल-बिस्किटवाल्या इतर काही कंपन्याही वर होत्या. म्हणजे ‘मूड बिघडला’ हे अर्धंच खरं. सरकार भांडवली खर्च असाच वाढवत राहणार, या एका अपेक्षेवर ज्यांचा भाव चढला होता ते शेअर पडले. आघाडीचं सरकार आलं तर गावाकडे पैसा जास्त सोडेल, या अपेक्षेने दुसरे चढले. तुमच्याकडच्या शेअर्समध्ये त्या पहिल्या अपेक्षेचा हवा भरलेला भाग जास्त होता, म्हणून ते जास्त पडले आणि सावरायलाही वेळ लागला. तुमच्या कंपन्यांचा धंदा वाईट आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

त्या दिवशी बातम्यांत आलं की गुंतवणूकदारांचे सुमारे ३१ लाख कोटी रुपये बुडाले. हे पैसे गेले कुठे, असं मला अजूनही लोक विचारतात. ते कुठेही गेले नाहीत. एक काल्पनिक कंपनी घ्या. तिचे १० कोटी शेअर आहेत आणि भाव ५०० रुपये, म्हणजे बाजारमूल्य ५,००० कोटी. स्क्रीनवर खरेदीदारांची रांग असते: ४९९ ला दोन हजार शेअर घेणारा एक, ४९८ ला तीन हजार घेणारा दुसरा, अशी खाली खाली. एरवी ही रांग दाट असते. घबराटीत खरेदीदार आपल्या ऑर्डरी काढून घेतात आणि रांग विरळ होते. अशात कुणी ४० हजार शेअर मिळेल त्या भावाला विकायला काढले, तर एकेक खरेदीदार संपत भाव ४७० वर येतो. प्रत्यक्षात हात बदलले दोन कोटींपेक्षा कमी रुपयांचे शेअर. पण ४७० हा शेवटचा भाव सगळ्या १० कोटी शेअर्सना लागतो आणि बाजारमूल्य ३०० कोटींनी घटतं. सोसायटीत एकाने अडचणीत फ्लॅट स्वस्तात विकला की बाकीच्यांच्या फ्लॅटची किंमतही त्याच दराने धरली जाते, तसं.

म्हणून भाव सगळ्या भागधारकांचं मत दाखवत नाही. त्या क्षणी ज्याला विकायची घाई आहे आणि जो घ्यायला तयार आहे, त्या दोघांचंच ते मत असतं. शांत बसलेले लाखो लोक त्यात नसतात. मूडचा जोर इतका मोठा का दिसतो, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं पीई गुणोत्तरात आहे. शेअरचा भाव म्हणजे दर शेअरमागचा नफा गुणिले लोक त्या नफ्याच्या किती पट द्यायला तयार आहेत तो आकडा. नफा कंपनी कमावते, पट मूड ठरवतो. नफा ५० रुपये आणि पीई २० असेल तर भाव १,०००. दोन वर्षांत नफा ६० झाला, माहोल चांगला आहे म्हणून पीई २४ झाला, तर भाव १,४४०. नफा २० टक्क्यांनी वाढला आणि भाव ४४ टक्क्यांनी. तेव्हा सगळे कंपनीचं कौतुक करतात. मग मूड फिरला, पीई १८ वर आला, नफा ६० चा ६० च राहिला, तरी भाव १,०८०. नफ्याचा एक रुपयाही कमी न होता शेअर २५ टक्के पडला. तेजीत मिळालेल्या परताव्यातला किती भाग नफ्याचा आणि किती पीईचा, हे वेगळं काढून बघायची सवय लावा. स्मॉलकॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये, हा हिशेब मांडला की पुष्कळदा धक्का बसतो.

सप्टेंबर २०२४ नंतर असंच बरंचसं झालं. २७ सप्टेंबरला राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी २६,२७७ पर्यंत गेला होता. एकट्या ऑक्टोबरमध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले. ऑक्टोबरपासून सलग पाच महिने निफ्टी घसरणीत बंद झाला आणि मार्चच्या सुरुवातीला २२ हजारांच्या आसपास आला. सगळं खापर मूडवर फोडता येणार नाही, कारण त्या काळात कंपन्यांच्या नफ्याची वाढही मंदावली होती. पण नफा घटला नव्हता, वाढीचा वेग घटला होता. जास्त पडझड झाली ती लोक द्यायला तयार असलेल्या पटीत.

आता मला जे मुख्य सांगायचंय त्याकडे येतो. नुसत्या मूडने भाव हलत नाही. मूडमागे कुणाचा तरी पैसा लागतो, आणि तो पैसा किती काळ थांबू शकतो यावर पुढचं सगळं ठरतं. १९९२ ची तेजी आठवा. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर काहीशे रुपयांवरून ९,००० च्या आसपास गेला. त्याला तात्त्विक कारणही दिलं गेलं: असा सिमेंट कारखाना आज उभारायचा झाला तर किती खर्च येईल बघा. माणसं त्या कारणावर मनापासून विश्वास ठेवत होती. पण भाव वर ढकलणारा पैसा बँकांमधून गैरमार्गाने आलेला होता आणि तो परत जाणं भाग होतं. एप्रिल १९९२ मध्ये हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर आलं, पैसा आटला, आणि ते कारणही कुणी पुन्हा बोलून दाखवलं नाही.

जानेवारी २००८ मी डीलिंग रूममधून पाहिला. महिन्याच्या मध्याला रिलायन्स पॉवरचा आयपीओ, म्हणजे लोकांसाठीची पहिली शेअरविक्री, आला, ४५० रुपये भाव, आणि तो सत्तरपटीहून जास्त भरला. अर्ज भरायला लोक कर्ज काढत होते. २१ जानेवारीला सेन्सेक्स १,४०८ अंशांनी पडला. २२ ला बाजार उघडल्या उघडल्या दहा टक्क्यांचं खालचं सर्किट लागलं आणि तासभर व्यवहार थांबले. तो तास मी विसरू शकत नाही. स्क्रीन गोठलेली आणि फोन एकामागून एक.

बहुतेक फोन मार्जिनचे, म्हणजे सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायच्या अनामत रकमेचे, होते. एका गिऱ्हाइकाचं उदाहरण सांगतो. चांगल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर तारण ठेवून त्यांनी एका मध्यम कंपनीचे फ्युचर्स (थोड्या अनामतीवर केलेले पुढच्या तारखेचे सौदे) घेतले होते. फ्युचर्स पडले, तारणाची किंमतही पडली, मार्जिन कमी पडलं. ते कळवळून सांगत होते, ‘साहेब, दुपारपर्यंत चेक घेऊन येतो, पोझिशन तोडू नका.’ पण निर्णय डीलरच्या हातात नसतो, जोखीम सांभाळणाऱ्या विभागाच्या हातात असतो, आणि त्यांच्या नियमात दुपारपर्यंत थांबणं बसत नव्हतं. व्यवहार सुरू झाल्यावर त्या मध्यम कंपनीला खरेदीदारच नव्हता. शेवटी विकले गेले ते तारणातले चांगले शेअर, कारण फक्त त्यांनाच गिऱ्हाईक होतं. या माणसाचा त्या चांगल्या कंपन्यांवरचा विश्वास तसूभरही कमी झाला नव्हता. त्यांना विकायचंच नव्हतं, तरी त्यांच्या नावावर विक्री झाली आणि त्या विक्रीने भाव आणखी खाली गेला. खालच्या भावाने आणखी कुणाचं तरी मार्जिन कमी पडलं.

घबराट पसरते ती अशी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लोक घाबरून विकताहेत. त्यातली मोठी विक्री सक्तीची असते. म्हणूनच पडझडीत चांगले आणि वाईट शेअर एकत्र पडतात, आणि म्हणूनच ती सक्ती संपली की काही शेअर तितक्याच वेगाने वर येतात.

उलट्या दिशेनेही हेच होतं. १८ मे २००९ ला, निवडणुकीच्या निकालानंतरच्या पहिल्या सोमवारी, सेन्सेक्स १७ टक्क्यांहून अधिक चढला आणि वरचं सर्किट लागून बाजार दिवसभरासाठी बंद झाला. प्रत्यक्ष सौदे जेमतेम काही क्षण झाले. त्रिशंकू संसद येईल म्हणून ज्यांनी शॉर्ट केलं होतं, म्हणजे हातात नसलेले शेअर आधीच विकून ठेवले होते, त्यांना कुठल्याही भावाला खरेदी करून सुटायचं होतं आणि विकणारा कुणी नव्हता. त्या दिवशीच्या चढाईत आनंदाइतकाच अडकलेल्यांच्या धावपळीचाही वाटा होता.

मूड मोजायची साधनं कोणती, हे तुम्ही पुढे विचारणार म्हणून आधीच सांगतो. सगळ्यात परिचित इंडिया व्हिक्स. निफ्टीच्या ऑप्शन्सचे (ठरलेल्या भावाला घ्यायच्या किंवा विकायच्या हक्कांचे) प्रीमियम, म्हणजे त्या हक्कांची किंमत, बघून पुढच्या तीस दिवसांत किती हेलकावे अपेक्षित आहेत, ते तो वार्षिक टक्केवारीत सांगतो. व्हिक्स १५ असेल तर महिनाभरात निफ्टी साधारण सव्वाचार टक्के वर किंवा खाली जाऊ शकतो, असा ढोबळ अंदाज. दिशा तो सांगत नाही. ४ जूनला तो दिवसात ३० च्या वर गेला आणि त्याच आठवड्याच्या अखेरीला १७ च्या आसपास उतरला. मार्च २०२० मध्ये तो ८० च्या वर होता.

मी स्वतः व्हिक्सपेक्षा तीन गोष्टी जास्त बघतो. एक, राष्ट्रीय शेअर बाजार रोज संध्याकाळी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये परदेशी संस्था, देशी संस्था, ब्रोकर आणि सामान्य ग्राहक यांच्या किती पोझिशन्स कुठल्या बाजूला आहेत ते जाहीर करतो. सगळी गर्दी एकाच बाजूला असेल तर उलट बातमी आल्यावर कोण अडकेल ते त्यातून दिसतं. दोन, उधारीवर शेअर घेण्याचं प्रमाण वाढतंय का. तीन, निर्देशांक वर जात असताना किती शेअर वर जाताहेत. निफ्टी उच्चांकाला आणि निम्म्याहून जास्त शेअर आपल्या उच्चांकापासून पुष्कळ खाली, असं चित्र असेल तर तेजी मोजक्या खांद्यांवर उभी आहे. यातलं काहीही खरेदी-विक्रीचा इशारा म्हणून मी वापरत नाही. कुणाकडे उधारीची पोझिशन असेल तर ती कमी करायला सांगण्याइतकाच मी त्याचा उपयोग करतो.

त्याचं कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे, त्याकडे आता येऊ. लोक घाबरले की घ्यायचं आणि लोक माजले की विकायचं, हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ते पाळून बघा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवरून १७ हजारांच्या आसपास आला, सर्किट लागलं, माणसं हवालदिल झाली. याहून जास्त घबराट काय असायची, असं वाटून ज्यांनी त्या आठवड्यात खरेदी केली त्यांनी मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स ८,१६० वर बंद झालेला पाहिला. आता २३ मार्च २०२० घ्या. सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडून २५,९८१ वर आला. त्या दिवशी खरेदी करणाऱ्याने वर्ष संपायच्या आत सेन्सेक्स ४७ हजारांच्या वर पाहिला. घबराट सारखीच, कृतीही सारखीच, पण पहिल्याची रक्कम वर्षभरात निम्म्यावर आली आणि दुसऱ्याची नऊ महिन्यांत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाढली.

फरक पैशाने केला. २००८ मध्ये जगभर कर्जाची साखळी तुटत होती, सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी अमेरिकी बँक बुडाली, परदेशी फंडांना आपल्या देशातल्या गुंतवणूकदारांचे पैसे परत द्यायचे होते म्हणून ते भारतात विकत होते, आणि नफ्यालाही खरोखर फटका बसत होता. २०२० मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने पैशाची दारं उघडली, आपल्या रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला रेपो दर (बँकांना ती ज्या व्याजाने पैसे देते तो दर) एकदम पाऊण टक्क्याने खाली आणला, पैसा स्वस्त झाला आणि तो बाजारात आला. हे आज लिहिणं सोपं आहे. २३ मार्चच्या दुपारी पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्यांनी तेव्हा घेतलं त्यांच्याकडे भविष्य कळण्याची शक्ती नव्हती. लवकर न लागणारा पैसा त्यांच्याकडे होता.

आनंदी मूडचंही तेच. ५ नोव्हेंबर २०१० ला, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांत, सेन्सेक्स २१,००४ वर बंद झाला. ती पातळी ओलांडून पुन्हा बंद व्हायला ऑक्टोबर २०१३ अखेर उजाडली. भाव आधीच पुढचा नफा खाऊन बसला होता, नफ्याला तिथवर पोचायला वेळ लागला.

मूडवर सौदे करायची हौस असलेले बहुतेक जण ऑप्शन्सकडे वळतात. तिथे आणखी एक अडचण आहे. मोठ्या घटनेआधी सगळेच घाबरलेले असतात, म्हणून प्रीमियम फुगलेला असतो. घटना झाली की तो विरतो. बाजार तुम्ही म्हणालात त्याच दिशेने गेला तरी तुमचा ऑप्शन तोट्यात जाऊ शकतो, आणि असा तोटा झालेल्या पुष्कळ लोकांना मी निकाल किंवा बजेटच्या दिवसानंतर भेटलो आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींपेक्षा जास्त होता. हे आकडे मी प्रत्येक नव्या माणसासमोर ठेवतो, कारण बहुतेकांना आपण उरलेल्या सात टक्क्यांत आहोत असं वाटत असतं.

दुसऱ्यांचा मूड ओळखण्यापेक्षा स्वतःचा मूड आपल्याकडून काय करवून घेतो, ते ओळखणं जास्त फायद्याचं आहे. ‘विकलं नाही तोवर तोटा नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो. त्याच्या आधाराने लोक दहा वर्षं पडलेला शेअर सांभाळतात आणि चांगला चाललेला शेअर पंधरा टक्के मिळाले की विकतात. कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की तेवढ्याच रकमेच्या नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख माणसाला कितीतरी जास्त होतं. त्यामुळे पोर्टफोलिओ रोज बघणाऱ्याला निम्म्याच्या आसपास दिवस लाल दिसतो आणि तो दुप्पट दुखतो. वर्षातून दोनदा बघणाऱ्याला तोच पोर्टफोलिओ बराच सुसह्य वाटतो.

आणि इथे परिस्थितीचा भाग येतो. मार्च २०२० मध्ये एकाच आठवड्यात दोघांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘विकून टाकू का?’ एक निवृत्त मुख्याध्यापक. पेन्शन चालू, घर स्वतःचं, म्युच्युअल फंडातली रक्कम नातवंडांसाठी. मी म्हटलं, ‘सर, हात लावू नका, आणि मोबाइलवरचं ॲप काढून टाका.’ दुसऱ्या एक ताई. मुलाची कॉलेजची फी जूनमध्ये भरायची होती आणि ती रक्कम पूर्ण इक्विटी फंडात होती. त्यांना मी फीपुरते युनिट लगेच विकायला सांगितलं, तोटा सोसून. पुढे बाजार वर गेला, तरी तो सल्ला मी आजही तसाच देईन. जूनमध्ये लागणारे पैसे एप्रिलमध्ये आणखी तीस टक्के घसरण सोसू शकत नव्हते. बाजाराचा मूड दोघांसाठी एकच होता. पैशाची मुदत वेगळी होती.

तुमची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात भरणं, चालू असेल तर तिच्याबद्दल: २०२५ च्या जानेवारीत देशात नव्याने सुरू झालेल्यांपेक्षा बंद झालेल्या किंवा मुदत संपलेल्या एसआयपींची संख्या जास्त निघाली. त्यातला काही भाग जुन्या खात्यांच्या नोंदी साफ केल्यामुळे होता, पण घाबरून बंद केलेल्याही थोड्या नव्हत्या. तरीही त्या महिन्यात एसआयपीतून सुमारे २६ हजार कोटी रुपये आले. परदेशी विक्री झेलणारा असा देशी पैसा २००८ मध्ये नव्हता, आणि आज घसरणी तेव्हापेक्षा सौम्य असण्याचं ते एक मोठं कारण आहे. मात्र हा आधारही लोकांच्या धीरावरच उभा आहे, तो कायमचा समजू नका. तुमची एसआयपी सात-आठ वर्षांपेक्षा लांबच्या गरजेसाठी असेल तर निकाल, बजेट, युद्ध, काहीही असो, ती चालू ठेवा. तीन वर्षांत लागणारी रक्कम असेल तर बाजार चढलेला असतानाही ती हळूहळू काढून मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (शेअर नसलेल्या, कमी जोखमीच्या फंडात) न्या.

सरकारी शेअर्सबद्दल एक काम करा. प्रत्येक शेअरसमोर कागदावर लिहा: गेल्या तीन वर्षांत नफा किती वाढला आणि भाव किती. भावाची वाढ नफ्याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर उरलेला भाग लोकांच्या अपेक्षेचा आहे, आणि पुढच्या निकालाला किंवा बजेटला तो पुन्हा हलणार. तेवढा हेलकावा झेपणार असेल तर ठेवा, नसेल तर झेपेल इतकाच ठेवा. हे काम बाजार बंद असताना, शनिवारी-रविवारी करा. सव्वानऊ ते साडेतीनच्या दरम्यान स्क्रीनसमोर बसून घेतलेले विक्रीचे निर्णय मी सहसा अमलात आणू देत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच वाटलं तर मग बोलू म्हणतो.

हे शेअर उधारीवर किंवा मार्जिनवर घेतलेत की पूर्ण पैसे देऊन, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मार्जिनवर असतील तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा आणि आधी उधारी फेडा. पैसे कधी लागणार आहेत आणि एकूण बचतीतला किती हिस्सा या शेअर्समध्ये आहे, हेही कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल.